चढावर मागे येणारी गाडी : एका प्रकरणाचा अभ्यास

लायसन्स हातात येऊन सात वर्षं झाली होती आणि या सात वर्षांत ताईंनी गाडी एकूण चार वेळा चालवली होती. चारही वेळा सोसायटीच्या फाटकापासून पहिल्या चौकापर्यंत, आणि चारही वेळा शेजारी नवरा. पाचव्यांदा मात्र त्या धीर करून पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्यात, उतरल्या. वर येताना चढावर रांग लागली होती. गाडी थांबली, बंद पडली, सेल्फ मारला, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा ती मागे घसरली आणि मागच्या माणसाने उतरून डिकीवर जोरात थाप मारली. नवऱ्याने हँडब्रेक ओढला आणि भर रस्त्यात दोघांनी जागा बदलल्या. त्या दिवसानंतर ताईंनी चावीला हात लावला नव्हता.

मी साताऱ्यात गेली अकरा वर्षं गाडी शिकवते. लायसन्स आहे, दारात गाडी आहे, पण चालवत नाही, अशी माणसं माझ्याकडे खूप येतात आणि त्यांत चाळिशीच्या बायका सर्वांत जास्त. ताईंचं प्रकरण त्यांच्या परवानगीने, नाव न देता, सविस्तर लिहिते आहे. वर्षभर घरातले सगळे त्यांच्या भीतीवर इलाज करत होते आणि खरा बिघाड डाव्या पायात होता.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय त्रेचाळीस. यजमान नोकरीनिमित्त सोमवार ते शुक्रवार पुण्यात. घरी सासूबाई. एका रात्री अकराच्या सुमाराला सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली. खाली गाडी उभी, टाकीत पेट्रोल, पर्समध्ये लायसन्स, आणि ताई रिक्षासाठी फोनवर फोन लावत होत्या. सासूबाई दोन दिवसांत बऱ्या होऊन घरी आल्या. ती रात्र मात्र ताईंच्या मनातून गेली नाही आणि त्या आठवड्यातच त्यांनी मला फोन केला.

पहिलं वाक्य नेहमीचंच होतं : "मॅडम, माझ्यात कॉन्फिडन्सच नाही."

घरच्यांनी, मैत्रिणींनी त्यांना काय काय सुचवलं होतं त्याची यादी मी ऐकली. घाबरू नकोस. प्राणायाम कर. सरळ ऑटोमॅटिक घेऊन टाक. एवढ्या आपुलकीच्या सल्ल्यांमध्ये एकानेही त्यांना गाडीबद्दल काही विचारलं नव्हतं. मी विचारलं, "गाडी बंद पडते त्या क्षणी तुमचा डावा पाय काय करत असतो?" त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माहीत नाही. मी पायाचा कधी विचारच केला नाही."

पुढचा प्रश्न होता, "क्लासमध्ये शिकताना चढावर गाडी उचलली होती का?"

"रोज! आमची गाडी समर्थ मंदिराकडूनच जायची. तेव्हा एकदाही मागे आली नाही. म्हणून तर मला वाटतं, मधल्या काळात मी सगळं विसरले."

माझ्या मते हे प्रकरण इथेच उलगडलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमधल्या नियम २४ नुसार ते असावेच लागतात, आणि ते योग्यच आहे. पण सकाळच्या गर्दीत, चढावर, मागे एसटी उभी असताना शिकणाऱ्याचा क्लच जरा चुकला की शिकवणाऱ्याचा पाय आपोआप खाली जातो. गाडी छान उचलली जाते. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमलं. ताईंची गाडी सात वर्षांपूर्वी समर्थ मंदिराच्या चढावर कधी मागे आली नाही, कारण ती ताईंनी उचललीच नव्हती. जे कधी आलंच नव्हतं, ते विसरायचं कुठून?

मी शिकवणाऱ्यावर सगळा दोष टाकणार नाही. हा पाय माझाही जातो. आता मी एक सवय लावून घेतली आहे. माझे पाय मॅटवर सपाट ठेवते आणि पेडल दाबावं लागलंच तर मोठ्याने सांगते, "माझा पाय." शिकणाऱ्याला खरा हिशोब कळायला हवा.

तरी एक गोष्ट मला दरवेळी खुपते. याच नियमांत नियम ३१ खासगी गाडीच्या प्रशिक्षणासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगतो. ताईंच्या गाडीत एका वेळी पाच जण बसायचे आणि प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं यायची. नियम १५ मध्ये आरटीओच्या टेस्टला काय काय जमलं पाहिजे त्याची यादी आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा किंवा रेस आणि पायाच्या ब्रेकचा नीट वापर करून, अजिबात मागे न येऊ देता पुन्हा निघणं, हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. ताईंची टेस्ट सपाट मैदानावर झाली. आठचा आकडा काढला, थोडं रिव्हर्स घेतलं, पाच मिनिटांत आटोपलं. कायद्याने जे आधी तपासायचं, ते पोवई नाक्याच्या चढाने सात वर्षांनी तपासलं, तेही मागे हॉर्न वाजत असताना. अशा वेळी भीती वाटली तर ती भीती अगदी बरोबर होती. त्यांना गाडी चढावर उचलता येत नव्हती, आणि त्यांच्या शरीराला ते ठाऊक होतं.

हे मी त्यांना तसंच सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी भित्री नाही?"

पहिल्या दिवशी आम्ही गाडी सुरूच केली नाही. यजमान पाच फूट दहा इंच, ताई पाच फूट, आणि सीट यजमानांच्या मापाची. एवढी वर्षं त्या त्यांच्याच सीटवर, पाठीमागे एक उशी घेऊन बसत आल्या होत्या. मी म्हटलं, क्लच पूर्ण खाली दाबा. त्यांची कंबर सीटवरून पुढे सरकली, गुडघा पार ताठ झाला आणि क्लच दाबला गेला तो बोटांच्या टोकांनी. टाच हवेत. असा ताणलेला पाय वर घेताना सावकाश येऊच शकत नाही, तो सुटतो. पाय सुटला की क्लच सुटतो आणि क्लच सुटला की गाडी आचका देऊन बंद पडते. बंद पडण्याचं निम्मं कारण त्या उशीत होतं.

उशी काढली. सीट चार खाचा पुढे घेतली, बाजूचा दांडा ओढून उंच केली. माप असं : क्लच तळाला टेकला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पाठ सीटला टेकलेली राहिली पाहिजे, आणि खांदे न उचलता हात पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. ताई समोर बघून म्हणाल्या, "अहो, बॉनेट दिसतंय!" सात वर्षांत त्यांना स्वतःच्या गाडीचं नाक नीट दिसलेलं नव्हतं. जाड तळाच्या चपलांऐवजी पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट गाडीत ठेवायचं ठरलं, तेही मागच्या सीटपाशी. ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलेली वस्तू ब्रेकच्या वेळी घरंगळत नेमकी पेडलखाली येते.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेलो. ताईंचीच पेट्रोल गाडी, त्यामुळे माझ्या पायाशी पेडल नव्हतेच. रेसच्या पेडलवर पाय ठेवायचाच नाही, एवढी एकच अट. क्लच दाबा, पहिला गिअर टाका, टाच जमिनीला टेकवा आणि पाय वर घ्या, मुंगीच्या गतीने. काच खाली, रेडिओ बंद, एसी बंद.

क्लच वर येताना मध्येच एक जागा येते. इंजिनाचा आवाज जाड होतो. आरपीएमचा काटा हजाराच्या खाली असतो, तो आणखी जरासा खाली वाकतो. स्टिअरिंगवर ठेवलेल्या तळव्यांना बारीक थरथर लागते. बॉनेट नखभर उचलल्यासारखं वाटतं. हाच तो हाफ क्लच. इथे पाय थांबवायचा, तीन आकडे मोजायचे, पुन्हा खाली दाबायचा. ताईंचा पाय सुरुवातीला ती जागा ओलांडून जायचा. पहिल्या तासात गाडी अकरा वेळा बंद पडली. मी प्रत्येक वेळी फक्त आकडा सांगत होते. सातव्या-आठव्या वेळेपासून त्या स्वतःच सांगू लागल्या, "नऊ."

नंतर गाडी मुद्दाम बंद पाडायला लावली. नवीन चालकाला गाडी बंद पडण्याचीच सर्वांत जास्त धास्ती असते आणि बंद पडल्यावर करायचं काय, हे मात्र कुणी घोटून घेतलेलं नसतं. आधी ब्रेक, मग क्लच, सेल्फ, गिअर पहिलाच आहे ना ते बघणं, आणि निघणं. मोबाइलवर वेळ लावली. पहिल्यांदा एकोणीस सेकंद लागले. तासाभराने पाच. पाच सेकंदांत मागच्या माणसाचं काहीही बिघडत नाही, आणि एवढ्याने इंजिनाचंही काही होत नाही.

तिसऱ्या दिवशी नुसत्या क्लचवर गाडी गाईच्या चालीने मैदानभर फिरली. हे सगळ्यांनाच जमतं. सपाटीवर पेट्रोल गाडीला निघायला रेस लागतेच असं नाही, हे कळलं की पायाचा निम्मा गोंधळ संपतो.

चौथ्या दिवशी माझी चूक झाली.

मैदानावर इतकं छान जमलंय, तर सरळ समर्थ मंदिराकडून बोगद्याच्या चढावर नेऊ, असं मला वाटलं. संध्याकाळी साडेपाचला. वाटेत एका कमी चढाच्या गल्लीत हँडब्रेकची पद्धत समजावली होती, दोनदा जमलीही होती. ब्रेकवरचा पाय उचलून रेसवर नेईपर्यंत जो एक क्षण जातो, त्या क्षणी गाडीला धरून ठेवायला कुणीच नसतं. ते काम हँडब्रेककडे द्यायचं. हँडब्रेक ओढून गाडी उभी, पहिला गिअर, थोडी रेस स्थिर ठेवायची, क्लच हाफला आणायचा. बॉनेट उचलल्यासारखं झालं, आवाज जाड झाला, की हँडब्रेक सोडायचा. सोडतानाही दांडा आधी किंचित वर ओढायचा, बटण दाबायचं आणि मग खाली. गाडी जागची हलत नाही, पुढेच जाते.

बोगद्याच्या चढावर पुढे एसटी थांबली. मागे एक रिक्षा अगदी खेटून आली आणि हॉर्न सुरू झाला. ताईंनी क्लच हाफला यायच्या आधीच हँडब्रेक सोडला. गाडी हातभर मागे आली. त्यांनी ब्रेक दाबला आणि ती थांबली. रिक्षाला लागलं नाही, कुणालाच काही झालं नाही. पण त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले, आणि घरापर्यंत गाडी मी आणली.

नऊ दिवस त्यांचा फोन आला नाही. मी मात्र त्या नऊ दिवसांत स्वतःशी हिशोब मांडला. एकाच संध्याकाळी मी तीन गोष्टी वाढवल्या होत्या : चढ, गर्दी आणि दिवसभराचा थकवा. पाच तास शाळेत शिकवून आलेलं माणूस ते. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, एवढं साधं पथ्य मी पाळलं नाही. दहाव्या दिवशी मीच फोन केला आणि चूक माझी होती हे स्पष्ट सांगितलं.

पलीकडून उत्तर आलं ते मला अपेक्षित नव्हतं. "मॅडम, मी एका गोष्टीचा विचार करत होते. नाक्यावर गाडी मागे गेली तेव्हा मी नुसती बसून राहिले होते, हँडब्रेक ह्यांनी ओढला. परवा मात्र ब्रेक मी दाबला. तुम्ही सांगायच्या आधी."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नऊ दिवस मी फक्त मागे आलेल्या गाडीचा विचार करत होते, त्या थांबलेल्या गाडीचा करत होत्या.

मग तोच चढ, पण सकाळी सहाला. रस्ता मोकळा, चढ तेवढाच. गाडी मागे येते की नाही हे आत बसून नीट कळत नाही, भीतीने दोन इंच दोन फुटांएवढे वाटतात. ताईंनी पर्समधून खडू काढला, शाळेचाच. मी मागच्या चाकालगत रस्त्यावर आडवी रेघ मारायची आणि फुटपाथवर उभं राहून बघायचं. पहिल्या दिवशी चाक सहा वेळा रेघेवर आलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या सकाळी वीस खेपा झाल्या आणि चाक रेघेला शिवलं नाही. शेवटच्या काही खेपांना मी काही सांगत नव्हते, नुसती "नाही" म्हणून मान हलवत होते, आणि आरशात त्यांना ती दिसत होती.

तिसऱ्याच दिवशी एक जळका वास आला. आता हाफ क्लचवर गाडी चढावर नुसती तोलून धरता येते, हे ताईंना समजलं होतं आणि हँडब्रेक न ओढता त्या तशाच उभ्या होत्या. तो वास क्लच प्लेटचा. हाफ क्लच निघण्यापुरता, क्षण-दोन क्षणांचा. थांबायचं असेल तर हँडब्रेक आणि न्यूट्रल.

ऑटोमॅटिकबद्दल मला नेहमी विचारतात. ज्याला गुडघ्याचा त्रास आहे, रोज तासन्‌तास गर्दीत चालवायचं आहे, त्याने जरूर घ्यावी. पण चढाच्या भीतीपोटी घेताना एवढं बघावं की एएमटी गाडीही (क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी), तिच्यात हिल होल्ड म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय नसेल, तर ब्रेक सोडल्यावर मागे येऊ शकते. ताईंच्या दारात चांगली गाडी उभी होती. आणखी काही लाखांचं काम तीन सकाळी आणि एका खडूने झालं.

एका शनिवारी यजमानांना भेटले. भला माणूस. पण ते शेजारी बसले की त्यांचा उजवा हात सतत हँडब्रेकपाशी, डावा वरच्या मुठीवर, आणि तोंडात "अगं ब्रेक, ब्रेक!" मी तीन गोष्टी मागितल्या : हँडब्रेकला हात लावायचा नाही, पुढे काय येतंय ते सांगा पण पायाने काय करायचं ते सांगू नका, आणि घरी गेल्यावर त्या रात्री चुकांची चर्चा नको. त्यांना जरा लागलं. "मी तिच्या भल्यासाठीच बोलतो हो." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दिवशी नाक्यावर माझेही हात कापत होते." ताईंना हे पहिल्यांदाच कळलं.

मागच्या काचेवर "नवीन चालक, कृपया अंतर ठेवा" अशी चिठ्ठी लावली. लर्निंग लायसन्सवर असताना पुढे-मागे लाल एल लागतो, पांढऱ्या पाटीवर, आणि ती पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस हवी. पक्कं लायसन्स आलं की तो एल उतरतो आणि माणूस एका दिवसात "अनुभवी" ठरतो. चिठ्ठी लावण्यात काही कमीपणा नाही. मागचा माणूस खरंच दोन हात लांब राहतो. तेवढंच अंतर आपणही पुढच्या गाडीपासून राखायचं : चढावर थांबताना बॉनेटच्या वरून पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. त्याच्याही गाडीत ताईंसारखंच कुणी असू शकतं.

सहाव्या आठवड्यात ग्रेड सेपरेटर. आधी रविवारी सकाळी सातला, मी शेजारी. मग मंगळवारी सकाळी दहाच्या गर्दीत, मी मागच्या सीटवर. शेजारची सीट मुद्दाम रिकामी ठेवली, कारण संकटात आपली नजर शेजारच्या माणसाकडे वळते. चढावर रांग लागलीच. ताईंनी हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं आणि हात पुसले. पुढची गाडी हलली. मागून हॉर्न आला. पुढची गाडी चांगली दोन गाड्यांएवढी लांब जाईपर्यंत त्या थांबल्या, मग गिअर, रेस, आवाज जाड झाला, हँडब्रेक खाली. हॉर्न वाजतच होता. गाडी वर आली, उजेडात आली, आणि त्यांनी इंडिकेटर लावून ती शांतपणे कडेला घेतली. मग रडल्या. मी मागे बसून राहिले.

एकटीने जाण्याला आणखी दोन आठवडे लागले. पहिली खेप मंडईपर्यंत, सकाळी साडेसहाला. हायवेला त्या अजून गेलेल्या नाहीत आणि मीही घाई केलेली नाही. दुपारी शाळेतून आल्यावर डोकं दुखत असेल त्या दिवशी त्या गाडी काढत नाहीत. तो निर्णय त्यांचा आहे आणि मला तो पटतो.

सप्टेंबरात फोन आला. सासूबाईंना कासची फुलं बघायची होती. "यवतेश्वरचा घाट उतरताना गिअर कुठला ठेवू?" मी म्हटलं, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक ठिकाणी दुसरा. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडून देऊ नका, इंजिनच तिला धरेल. ब्रेकवर सतत पाय ठेवलात तर ब्रेक तापतील. अरुंद जागी समोरून कुणी चढत आलं तर तुम्ही थांबा, वाट आधी त्याची, नियमच तसा आहे. आणि शनिवार-रविवार नको.

"बुधवारी सुट्टी टाकली आहे," त्या म्हणाल्या. "सहाला निघतो. आई पुढच्या सीटवर बसणार म्हणतायत."